एकोडीचं विरजण

भंडाऱ्याच्या शिक्षक कॉलनीत कोणाच्या घरी काय शिजलं ते फोडणीच्या वासावरून चौथ्या घरापर्यंत कळतं. त्यात नवल नाही. पण कोणाचं पोट सकाळी साफ झालं आणि कोणाचं अडलं, हेही गल्लीला रोजच्या रोज कळावं, अशी वेळ ललिताबाई कापगत्यांवर आली ती त्यांच्या पोटच्या लेकीमुळे.

लेक टीना पुण्याला नोकरी करते आणि तिथून आईबापांची काळजी करते. काळजी करायला जरा लांबच असावं लागतं; जवळच्या माणसाला कामं असतात. एका रविवारी तिचा फोन आला.

"आई, मी वाचून राहिली होती. बाबांचा हात थरथरते ना, त्याचं मूळ डोक्यात नाही तर पोटात असू शकते म्हणे. आतड्यात करोडो जिवाणू राहतात. त्यांचं बिघडलं की ते पार मेंदूपर्यंत पोचते, असा लोकांचा अभ्यास चालू आहे. कंपवाताच्या लय लोकांना हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून पोट साफ न व्हायचा त्रास असते. बाबांचं आठव."

ललिताबाईंना आठवायची गरज नव्हती. यादोरावांचं पोट हा त्यांच्या संसारातला सगळ्यात जुना विषय होता. लग्न झाल्यावर नव्या नवरीशी हा माणूस पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला, तो एरंडेलाबद्दल. पण आता त्यांना लेकीच्या बोलण्यात वेगळंच ऐकू आलं. इतकी वर्षं त्या पोटात जे काही गेलं, ते सगळं त्यांच्याच हातचं होतं.

"म्हंजे माझ्या जेवनानं झालं म्हनून राहिली तू?"

"आई, असं कोणी म्हटलं?"

"कोनी म्हटलं नाही. मले समजलं."

आणि एकदा ललिताबाईंना समजलं की मग जगातला कोणताही अभ्यास पूर्ण व्हायची वाट त्या पाहत नाहीत.

शिवाय वाट पाहायला वेळही नव्हता. नोव्हेंबर तोंडावर आला होता. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सही करून सांगावं लागतं; नुसतं जिवंत असून भागत नाही. मागच्या वर्षी यादोरावांची सही जेमतेम जुळली होती. काउंटरवरचा राजकुमार आदरानेच म्हणाला होता, "गुरुजी, पुढच्या साली अंगठा लावून टाकू. कायले तरास घेता?"

त्या दिवशी यादोराव घरी येऊन जेवले नाहीत.

त्याचं कारण असं. साक्षरता अभियानाच्या काळात करडीच्या शाळेत असताना या माणसाने अख्ख्या गावाचा अंगठा सोडवला होता. लोक दारू सोडवतात, यादोरावांनी अंगठा सोडवला. धानाच्या बांधीतून आलेल्या, बोटं चिखलाने ताठलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात हात धरून त्यांनी सह्या गिरवून घेतल्या. "अंगठा टिळा लावायले असते," ते म्हणायचे, "कागदावर लावायले नाही." त्यांची स्वतःची सही तर पाहण्यासारखी. 'कापगते'मधल्या शेवटच्या 'ते'ची मात्रा ते अशी ओढत, की पतंगाची शेपूटच. आता ती शेपूट उजव्या हातातच उरली होती. हात चालू ऑटोच्या आरशासारखा थरथरायचा. नागपूरच्या डॉक्टरांची गोळी चढली की मात्र दोन-तीन तास शहाण्यासारखा वागायचा. त्या दोन-तीन तासांत यादोराव दाढी करत, पेपर धरून वाचत, आणि कोणी पाहत नाही असं पाहून पेपरच्या कोऱ्या कडेवर सही करून बघत.

तर ललिताबाईंनी ठरवलं: नोव्हेंबरपर्यंत पोट सुधारायचं, पोटाने डोकं सुधारायचं, डोक्याने हात. तिन्ही एकाच घरातले; एकाला धरलं की दुसरा येतोच.

कॉलनीला हे सांगायची गरज पडली नाही. शेजारच्या उषाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "वयनी, ओवा द्या. ओव्यानं मेलेला मानूस उठून जाते." कुठे जातो ते त्यांनी सांगितलं नाही. उषाबाईंचे यजमान भैय्याजी हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पाणी कुठे अडलं आणि कुठून सोडावं हा त्यांचा जन्माचा विषय. त्यांनी सरळ निदान केलं. "लाखोरीची डाळ. लहानपनी खाल्ली असंल गुरुजीनं. लाखोरीनं पाय जाते, हे सगळ्यायले मालूम आहे."

"यायचे पाय बरोबर आहेत, भैय्याजी. हात थरथरते."

"मंग वरून खाल्ली असंल," भैय्याजी म्हणाले, आणि याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नसावा.

टीनाचा दुसरा फोन याहून भारी होता. परदेशात आता निरोगी माणसाच्या पोटातले जिवाणू काढून आजारी माणसाच्या पोटात घालायचे प्रयोग सुरू आहेत. कसे काढतात, असं ललिताबाईंनी विचारलं. टीनाने एक शास्त्रीय शब्द सांगितला. ललिताबाईंनी तो शब्द मराठीत करून घेतला आणि फोन ठेवून दिला. मग चूळ भरली.

दुर्दैवाने फोन स्पीकरवर होता आणि उषाबाई वाटीभर साखर न्यायला आल्या होत्या. संध्याकाळी भैय्याजी स्वतः आले. खुर्चीवर ताठ बसले, घसा खाकरला.

"वयनी, उषानं सांगतलं मले. गुरुजीसाठी मी कधी नाही म्हननार नाही. माझं पोट तर घड्याळ आहे, घड्याळ. सकाळी सहा म्हंजे सहा."

ललिताबाईंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी हात जोडून सांगितलं की तसलं काही करायचं नाही, इकडे तसं कोणी करत नाही, शिवाय डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. भैय्याजी उठले. एवढ्या मोठ्या मनाने देऊ केलेली वस्तू कोणी परत केली म्हणजे माणसाला लागतंच. "असू द्या, तुमाले दुसऱ्या कोनाचं चांगलं वाटत असंल," एवढं बोलून ते गेले, आणि आठवडाभर यादोरावांशी बोलले नाहीत. यादोरावांना का ते कळेना.

यातूनच ललिताबाईंना विरजण सुचलं.

निरोगी माणसाचे जिवाणू पाहिजेत ना? मग बाकीच्या वाटेने जायची गरज काय? विरजण म्हणजे दुसरं काय असतं? एका घरातलं चमचाभर जिवंत दही दुसऱ्या घरच्या दुधात जातं आणि रात्रीतून तिथलं होऊन बसतं, सुनेसारखं. फक्त घर पाहून आणायचं. ललिताबाईंनी माहेर-सासर दोन्हीकडचे सगळे म्हातारे डोळ्यांपुढे आणले आणि बोट एकीवर ठेवलं: एकोडीची गोदावरीबाई. यादोरावांची आत्या. नव्वदी ओलांडली तरी सुईत दोरा स्वतः ओवणारी, कोणाच्या लग्नात कोणी किती हलकं लुगडं नेसवलं ते आजही नावानिशी सांगणारी. तिच्या घरचं दही सासूच्या सासूपासून चालत आलेलं, असं ती स्वतःच सांगायची.

यादोरावांना उषाबाईंच्या हवाली करून ललिताबाई साकोलीच्या बसमध्ये बसल्या. बस लाखनीच्या पुढे पंक्चर झाली. साकोलीला काळीपिवळी जीप भरायला वेळ लागला, कारण ड्रायव्हरच्या मते ती अजून भरली नव्हती आणि ललिताबाईंच्या मांडीवर आधीच एक अनोळखी पोरगं बसलेलं होतं. एकोडीत पाय ठेवला तर तलावाच्या पाळीवर दिवस बुडालेला आणि आत्याबाईच्या तुळशीपाशी दिवा लागलेला.

"विरजन?" गोदावरीबाई म्हणाली. "दिवेलागन झाल्यावर कोनी विरजन मांगते काय वं? घरातली लक्ष्मी काढून देऊ का तुले?"

"आत्याबाई, यायच्या हातासाठी पायजे..."

"हात उद्याबी थरथरन. बस. जेव."

ललिताबाई बसल्या, जेवल्या, कोणत्या लग्नात किती हलकं लुगडं होतं ते सगळं ऐकलं. सकाळी गोदावरीबाईची नातसून रिता हिने गडबडीने एक स्टीलचा डबा हातात दिला. "न्या काकीजी, लवकर न्या," ती म्हणाली आणि नजर चुकवून गोठ्याकडे गेली. ललिताबाईंना वाटलं, लक्ष्मी जाते म्हणून पोरीला जड जात असेल.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "काय आहे मावशी?" ललिताबाई म्हणाल्या, "औषध." कारधा नाक्याजवळ ड्रायव्हरने म्हशीसाठी ब्रेक मारला आणि सासूच्या सासूपासून आलेलं ते औषध पुढच्या सीटवरच्या बाईच्या मानेवरून पाठीत उतरलं. त्या बाईने जे उद्गार काढले त्यात ललिताबाईंच्या सासूच्या सासूचाही उल्लेख होता. घरी आल्या तेव्हा झाकणाला चिकटलेलं चमचाभर उरलं होतं. पण विरजणाला तेवढंच लागतं.

दही लागलं. आणि असं लागलं की सुरीने कापावं! ललिताबाईंनी यादोरावांना सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटीभर दही सुरू केलं. गोळी गिळायला त्यांना हल्ली त्रास व्हायचा, म्हणून गोळीही दह्यातच कुस्करून. औषधात औषध. यादोराव गुपचूप खात. बातमी भिंतीवरून गेलीच. दुसऱ्या दिवसापासून दारात वाट्या. भैय्याजीसुद्धा राग सोडून आले. पंधरवड्यात कॉलनी एकोडीच्या दह्यावर आली. उषाबाईंचा गॅस गेला, कोपऱ्यावरच्या निवृत्त तलाठ्याची आम्लपित्ताची बाटली बंद झाली. सकाळी लोक एकमेकांना रामराम न करता नुसते समाधानाने हसत.

यादोरावांचं पोटही सुधारलं. फक्त हात सुधारेना. उलट गोळी चढायचे ते दोन-तीन तास आक्रसत चालले. पेपरच्या कडा कोऱ्याच राहू लागल्या.

"गोळी नाही चढून राहिली आजकाल," ते एकदा म्हणाले.

"विरजन रुजायले वेळ लागते," ललिताबाई म्हणाल्या आणि वाटी मोठी केली.

बँकेचा दिवस आला. ललिताबाईंनी सगळं जमवलं होतं. साडेदहाला बँक उघडते. दहाला गोळी दिली की अकराला हात हुकमी. शुभकामाला निघताना आपल्याकडे दही-साखर देतातच. त्या दिवशी त्यांनी हातावर चमचाभर न देता दोन वाट्या भरून दिल्या, गोळी त्यातच. देवाला नमस्कार केला. भैय्याजी ऑटो घेऊन आले.

राजकुमारने खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद दिला. यादोरावांनी पेन धरलं. 'या' लिहिला गेला आणि मग हात निघाला तो कागदाच्या बाहेर टेबलावर जाऊन थांबला.

"दुसरा कागद दे बाबू," ललिताबाई म्हणाल्या. "पेन खराब आहे."

दुसरं पेन आलं. तिसरा कागद आला. राजकुमार स्क्रीनवरची जुनी सही बघे, कागद बघे आणि मान खाली घाले. स्क्रीनवर पतंगाची शेपूट होती. कागदावर पतंग कटला होता.

"चढंल आता. थांबा जराशी," ललिताबाई कुजबुजल्या. "पोटात दही आहे."

ते बाकावर बसून राहिले. बारा वाजले. आजूबाजूचे लोक जिवंत ठरून घरी गेले. गोळी चढली नाही. साहेब केबिनमधून बाहेर आले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अंगठा घ्या. दोन साक्षीदार घ्या."

एक साक्षीदार भैय्याजी झाले. दुसऱ्यासाठी राजकुमारने रांगेत नजर टाकली. "तुमी या बाबाजी. सही येते ना?"

"येते ना जी," म्हणत एक म्हातारा पुढे आला आणि यादोरावांना पाहून थबकला. करडीचा मारोतराव. निराधार योजनेची रक्कम काढायला लेकीच्या गावाहून आला होता. एवढी एकच गोष्ट त्याला लिहिता येत होती, आणि ती कोणी शिकवली हे तिघांनाही माहीत होतं.

यादोरावांचा अंगठा शाईच्या पॅडवर धरायला राजकुमारला दोन्ही हात लावावे लागले. ठसा फराटा होऊन उमटला. मारोतरावाने पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"गुरुजी, करू का?"

"कर ना."

मारोतरावाने जीभ दातात धरून, एकेक अक्षर बांधीत धानाचं रोवणं लावल्यासारखं लावत, सही केली. यादोराव वाकून पाहत होते. "'रो'ची मात्रा राहिली," ते म्हणाले. मारोतरावाने मात्रा दिली. मग तो रांगेत आपल्या जागी परत गेला नाही. पैसे न काढताच दाराबाहेर निघून गेला.

परतताना ऑटोचं भाडं भैय्याजींनी दुसऱ्या कोणाला देऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांकडे फेरी होती. डॉक्टरांनी हात पाहिला, चालणं पाहिलं. "गोळी कशी देता?"

"दह्यात कुस्करून," ललिताबाई जरा अभिमानानेच म्हणाल्या. "वाटीभर दही. तिन्ही टाइम. घरचं आहे, एकोडीचं विरजन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते चांगले होते, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आई, या गोळीचं असं आहे. आतड्यातून रक्तात शिरायचं तिचं जे दार आहे, त्याच दारातून दही-दूध-डाळीतली प्रथिनंही शिरतात. सणाच्या एसटीसारखं. तुमचं दही धक्का मारून आधी चढते, गोळी खाली स्टँडवर राहून जाते. गोळी उपाशीपोटी द्यायची. दही खाऊ द्या ना, पण तासाभराने."

"मंग ते पोटाचं न् मेंदूचं? जिवाणूचं?"

"संबंध आहे असं दिसून राहिलं. पोट आधी बिघडते की मेंदू, यावर अजून भांडण चालू आहे. पण वाटीभर दह्यानं कंपवात जाते असं कोणी सिद्ध नाही केलं." मग ते सांभाळून म्हणाले, "पोट साफ होते ना? चांगलंच आहे ते."

परतीच्या बसमध्ये ललिताबाईंनी खिडकीकडे तोंड केलं होतं. मौद्याला त्या वळल्या.

"मी अडवली तुमची गोळी," त्या म्हणाल्या. "मीच."

"मले दही आवडतच नाही," यादोराव म्हणाले.

"काय?"

"लहानपनापासून नाही आवडत."

"मंग बोलले काहून नाही जी? वाट्याच्या वाट्या खाऊन राहिले होते!"

"तू एकोडीपर्यंत जाऊन आली," यादोराव म्हणाले, आणि त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवून त्याला गप्प करायचा प्रयत्न केला.

घरी पोचतात तो रिताचा फोन. "काकीजी, तुमच्याकडे विरजन आहे का? आमचं संपलं. बस कंडक्टरजवळ पाठवा ना."

"माझ्याकडून? अवं, तुमचंच तर आहे ते! सासूच्या सासूचं!"

रिताचा आवाज एकदम खाली आला. "बुढीले सांगू नका काकीजी. ते तर मे महिन्यातच खराब झालं. मी साकोलीतून पाकिटाचं दही आनून लावत होती. बुढीले कळलंच नाही. म्हने, आजकाल लय गोड लागून राहिलं."

ललिताबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. कॉलनीची पोटं साफ होत होती. उगाच कशाला कोणाचा विश्वास अडवायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी दिली, नुसत्या पाण्याबरोबर. तासाभराने यादोरावांनी नाश्त्याचा चमचा उचलला तो सरळ तोंडात गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. नजर लागायची भीती. मग यादोराव उठले, टीनाच्या जुन्या वहीतला कोरा कागद घेतला आणि बँकेला अर्ज लिहायला बसले: माझ्या खात्यावर पूर्वीप्रमाणे सही ठेवावी. अक्षरं फळ्यावरच्यासारखी. खाली सही. 'ते'ची मात्रा वर गेली, वळली आणि खाली शेपूट ओढत आली. ललिताबाईंनी दारातून पाहिलं आणि पदराने चष्मा पुसला, खरं तर चष्मा स्वच्छच होता.

तसेच दोघे ऑटो करून बँकेत. राजकुमारने अर्ज वाचला, मग मोठ्याने वाचला, मग शेजारच्या काउंटरवाल्यांना दाखवला. "बघा रे, हे अक्षर! माझ्या आजोबाले सही यायनंच शिकवली."

"मंग करून घेता ना?" ललिताबाई म्हणाल्या.

राजकुमारने मानेमागे हात नेला. "करू ना काकू. अर्ज वर पाठवतो. फक्त..." तो यादोरावांकडे न बघता बोलू लागला. "खातं आता अंगठ्याचं झालं ना जी. म्हंजे अर्जावर ही सही चालत नाही. सही पुन्हा चालू करा म्हनायलेबी अंगठाच लागते."

यादोरावांनी ललिताबाईंकडे पाहिलं. ललिताबाईंनी काचेवरच्या 'ग्राहक हा राजा' या पाटीकडे पाहिलं.

मग यादोरावांनी आपणच पॅड ओढलं. अंगठा टेकवला, उचलला, कागदावर ठेवला. गोळी पुरती चढलेली होती. हात देवळातल्या खांबासारखा स्थिर. ठसा असा उमटला की रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

"वा गुरुजी!" राजकुमार मनापासून म्हणाला. "असा अंगठा तर कोनाचाच येत नाही!"

घरी शाई निघेना. साबण झाला, राख झाली. भिंतीवरून उषाबाईंनी पाहिलं. "दही लावा ना वयनी. आंबट दही. शाई कशी निघते बघा!"

ललिताबाईंनी एकोडीच्या, म्हणजे साकोलीच्या, दह्याची वाटी आणली. पायरीवर बसल्या, यादोरावांचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याला दही फासलं. एव्हाना दुपार कलली होती आणि गोळी उतरायला लागली होती. अंगठा त्यांच्या मुठीत हळूहळू हलू लागला, मग नेहमीसारखा जोरात.

ललिताबाईंनी दही नुसतं धरून ठेवलं. घासायचं काम अंगठ्याने आपलं आपणच केलं.